पन्नासावी नळी

लिगायानं नळी लेथशेजारच्या फळीवर ठेवली आणि ती वाजली. आवाज तो केवढासा, वाळल्या शेंगेत एखादी बी हलावी इतका. पण एर्नानीच्या हातातली कानस थांबली. ही नळी वाजायला नको होती. अकरा दिवसांपूर्वी त्यानं ती अशी बसवून दिली होती की उलटी धरून फरशीवर आपटली असती तरी आतली बॅटरी केसभर हलली नसती. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यानं फारशा गोष्टी कायमच्या केल्या नव्हत्या. ही केली होती, आणि केल्यावर दोन दिवस त्याला जेवण गेलं नव्हतं.

“वाजतेय,” लिगाया म्हणाली. ती नेहमीसारखी दारातच उभी होती, अर्धी उन्हात, अर्धी सावलीत, कमरेला ओला टॉवेल खोचलेला.

“ऐकलं.”

“अकरा दिवस टिकलं. पूर्वी पंधरा-वीस तरी टिकायचं. म्हातारा झालास, कुम्पारे.”

“नळी जुनी झाली, कुमारे.”

“हां, नाचता येईना अंगण वाकडं. हे बघ, या खेपेला कायमचं करून दे. शनिवारी चारची बोट आहे माझी. इलोइलोला कोण बसलंय माझ्यासाठी लेथ मांडून?”

त्याला वाटलं, नातवाला बघायला चालली असेल. इलोइलोला तिच्या मुलीला, आमोरला, बाळ होऊन दोन महिने झाले होते. “किती दिवस?” त्यानं विचारलं.

“किती दिवस म्हणजे? खानावळ देऊन टाकली मी. शुक्रवारी किल्ल्या द्यायच्या. आमोर म्हणते, आई, तू तिथं एकटी मरून पडशील आणि कुणाला कळायचंसुद्धा नाही. मी म्हटलं, कळेल की. दुपारचा भात मिळाला नाही म्हणजे अख्ख्या गल्लीला कळेल.” ती हसली. तो हसला नाही. “अकराच्या पुढं येते. चुलीवर हंडी ठेवून आलेय. होईल ना तोवर?”

“होईल,” एर्नानी म्हणाला.

ती गेली. समोरच्या शेडमध्ये तासियो वेल्डिंग करत होता; त्यानं तोंडावरचा मुखवटा वर केला आणि गल्ली ओलांडून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “काय रे एर्नानी, त्या नळीला झालंय तरी काय? माझ्या बायकोची कंबरसुद्धा इतक्या वेळा डॉक्टरकडे गेली नाही!” तासियोनं मुखवटा खाली घेतला आणि ठिणग्या पुन्हा उडायला लागल्या.

नळीला हात न लावता तो स्टुलावर बसून राहिला. पत्र्याखाली आत्ताच, सकाळी नऊला, तापायला लागलं होतं. शनिवार. आज बुधवार. त्याच्या मनानं ही बेरीज-वजाबाकी केली आणि तिथून ते पळालं. अवघड ठिकाणाहून त्याचं मन नेहमीच पळायचं, आणि पळून हातांपाशी यायचं. मागच्या महिन्यात भाताच्या गिरणीच्या एका बुशाला त्यानं अर्धा आटा जास्त कापला होता. गिऱ्हाइकाला काही कळलं नाही, पण याला कळलं होतं. त्याचा बाप नावोतासच्या धक्क्यावर होड्यांचे दांडे कातायचा. साठीला आला आणि एका सकाळी न्याहारीला बसल्यावर त्याचा चमचा ताटलीवर वाजायला लागला, टिक् टिक् टिक्. आई म्हणाली, थंडी वाजतेय का? नावोतासला कसली थंडी! बापानं चमचा ठेवला आणि तो हातानं जेवला. तो आवाज एर्नानीच्या कानात पस्तीस वर्षं होता. म्हणजे आपलेही हात गेले? बॅटरीभोवतीचं पांढऱ्या प्लॅस्टिकचं आवरण नीट बसलं नसेल? बॅटरी दाबून धरणाऱ्या खिळीवर टाकलेला चिकटवणारा थेंब सुकला नसेल? त्यानं दोन्ही हात समोर धरले. ते स्थिर होते, तेलानं काळे, डाव्या अंगठ्याचं नख कधीचं अर्धं गेलेलं, पण स्थिर.

नळी त्याच्याकडे बघत असल्यासारखी उभी होती. वीतभरही उंची नाही, दोन बोटं जाड, अस्सल तांब्याची. वर वाफ करणारं पितळेचं डबडं, खाली बटण, मध्ये एक बॅटरी. आत तारा नाहीत की सर्किट नाही. बटण दाबलं की वीज सरळ वर चढते आणि लिगायाच्या नळीतून पिकल्या फणसाच्या वासाची वाफ निघते, सिगारेटसारखी ओढायची. सहा-सात वर्षांपूर्वी या गल्लीला अशा नळ्यांचं वेड लागलं होतं. जीपचे ड्रम, पंपांचे दांडे, सगळं बाजूला पडलं होतं आणि प्रत्येक लेथवर तांब्याच्या नळ्या फिरत होत्या. लांबलांबची पोरं नावं लावून ठेवायची, कुणाला कितव्या नंबरची नळी मिळाली यावरून भांडायची. एर्नानीचा दोस्त रोसेन्दो चित्रं काढायचा, नळीच्या बुडाला आपलं नाव कोरायचा आणि विकायचा. एर्नानी कातायचा. आणि रोसेन्दोची बायको लिगाया खानावळीचं काम उरकून दुपारी यायची आणि नळ्यांना झिलई करायची. तांब्याची लाल धूळ तिच्या पापण्यांवर बसायची. ती डोळे मिचकावायची आणि शिव्या द्यायची, नळ्यांना, नवऱ्याला, एकदा तर थेट कोपऱ्यातल्या बाळ येशूलासुद्धा. मग लगेच छातीवर क्रूस काढून त्याची माफी मागायची.

पन्नास नळ्या केल्या आणि पन्नासही खुळखुळल्या. चूक एर्नानीची होती. रोसेन्दो मापासाठी जी बॅटरी घेऊन आला तिची प्लॅस्टिकची साल फाटलेली होती. त्या काटकसरी माणसानं जुनी साल न काढता तिच्यावरच दुसरी चढवली होती. दुहेरी साल चढली की बॅटरी जाड होणारच. टोकाशी बघितलं असतं तर दोन कडा एकावर एक स्पष्ट दिसल्या असत्या. नवशिका टर्नरसुद्धा सालीवरून माप घेत नाही. पण व्हर्नियर लावला त्या क्षणी बॅटरी धरून ठेवली होती लिगायानं, दोन बोटांत, आणि ती काहीतरी सांगत होती, मासळी बाजारातल्या एका बाईची नक्कल करत होती, आणि एर्नानीनं आकडा वाचला, तिच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा आकडा वाचला आणि लिहून घेतला. त्या आकड्यावर पन्नास नळ्यांची पोटं कातली गेली. एकेरी सालीची बॅटरी आत सोडली की ती भांड्यातल्या पळीसारखी हिंडायची. रोसेन्दो डोकं धरून बसला. “तुझे डोळे कुठं होते रे?” तो म्हणाला. यावर काय सांगणार? पुढचा महिनाभर बसून एर्नानीनं एकेका नळीसाठी आतून पातळ आवरण कातलं आणि एकोणपन्नास नळ्या गप्प केल्या. पन्नासावी रोसेन्दोनं बायकोला दिली, सिगारेट सोड म्हणून. तिनं सिगारेट सोडली. खुळखुळीबद्दल ती अवाक्षर बोलली नाही, म्हणून त्या नळीचं आवरण राहून गेलं.

त्याच वर्षी रोसेन्दो नोकरीसाठी आखातात, दम्मामला गेला. पहिली दोन वर्षं सुट्टीला आला, मग येईना, मग गल्लीत कुजबूज आली की तिथं त्यानं एका नर्सबरोबर बिऱ्हाड केलंय आणि एक मूलही आहे. गल्लीला कळलं त्याच्या आधी लिगायाला कळलेलं होतं. या देशात लग्न मोडायची सोय नाही. ज्यांची मोडतात त्यांची ती अशीच, समुद्रापलीकडे, आवाज न करता मोडतात, आणि बाई कागदावर बायकोच राहते. एका शुक्रवारी ती मूग वाढत होती. शुक्रवारी मांस नाही म्हणून तिच्याकडे मूग असायचे, सगळ्यांकडेच असतात. वाढता वाढता म्हणाली, “तुझा मित्र येत नाही आता.” बस्स. एर्नानीनं मान हलवली आणि मूग गिळले. पुढची तीन-चार वर्षंही त्यानं मूग गिळण्यापलीकडे काही केलं नाही.

कारण ती कुमारे होती. आमोरच्या बाप्तिस्म्याला चर्चमध्ये एर्नानीनं त्या तान्हुलीला हातावर घेतलं होतं, तिच्या डोक्यावर पाणी ओतलं जाताना ती केवढ्यानं रडली होती. त्या दिवसापासून तो आमोरचा धर्मपिता, तिचा निनोंग झाला, आणि आमोरच्या आईबापांचा कुम्पारे. हे नातं तोंडदेखलं नसतं. एर्नानीची आई म्हणायची, कुमारे म्हणजे बहिणीच्या जागी, तिच्याकडे वेडंवाकडं बघणाऱ्याच्या ताटातला भात आंबतो. आई गेली त्याला बारा वर्षं झाली, पण तिचं बोलणं काही तिच्याबरोबर पुरलं गेलं नाही. सव्वीस वर्षं लिगायानं त्याला कुम्पारे म्हटलं आणि त्यानं तिला कुमारे, आणि दर वेळी तो शब्द दोघांच्या मध्ये फळीसारखा पडायचा. त्यानं लग्न केलं नाही. लोक विचारायचे तेव्हा सांगायचा, आईचं करायचं होतं. आई गेल्यावर लोकांनी विचारणं सोडून दिलं.

रोसेन्दो गेल्यावर आठ महिन्यांनी ती पहिल्यांदा नळी घेऊन आली. वाजतेय म्हणाली. एर्नानीनं नळी उघडली, वरची पितळी खिळी आट्यांवर फिरवत फिरवत खाली आणली आणि बॅटरीच्या डोक्याला टेकवली. उभा आवाज त्यानं थांबतो. आडवा कायमचा थांबायला आवरण लागतं, ते कातायला त्याला तासभर पुरला असता. पण खिळी टेकते न टेकते तोच त्याच्या बोटांनी ती पाव आटा मागं घेतली. हे त्यानं ठरवलं नव्हतं. निदान तो स्वतःला असंच सांगत आला होता. पाव आटा मागं घेतला की नळी त्या दिवशी गप्प राहते, पण बटण दाबून दाबून खिळी आणखी सरकते आणि दोन-तीन आठवड्यांत बॅटरी पुन्हा बोलायला लागते. दोन-तीन आठवड्यांनी ती आली. वाजतेय म्हणाली. त्यानं खिळी टेकवली आणि पाव आटा मागं घेतली. कुंपणानंच शेत खावं तसला प्रकार. या गल्लीत ज्याच्या कामाबद्दल कुणी बोट दाखवलं नाही असा हा माणूस, सहा वर्षं एका बाईची नळी मुद्दाम बिघडवून देत होता, दारात उभी राहून ती दहा मिनिटं त्याच्याशी बोलावी म्हणून. त्या दहा मिनिटांवर तो पुढचे पंधरा दिवस काढायचा. ती काय बोलायची? तांदूळ महागला. मांजरानं पाच पिल्लं घातली. आमोरचा नवरा बरा आहे, पण घोरतो. रात्री अंथरुणावर पडून तो हीच वाक्यं परत ऐकायचा, तिच्या आवाजात, तिच्या थांबण्यासकट. तेराव्या-चौदाव्या दिवसापासून गल्लीच्या तोंडाकडे बघायला लागायचा. उशीर झाला तर त्याला वाटायचं, खिळी जास्त घट्ट बसली की काय.

आणि मग अकरा दिवसांपूर्वी त्यानं बॅटरी बाहेर काढली आणि उजेडात धरली. सालीवर एके ठिकाणी, नळीला घासून घासून, पट्टा पांढरा पडला होता. नखानं दाबलं तर खालचा धातू जाणवत होता. आणखी आठवडाभरानं तिथं भोक पडलं असतं, उघडा धातू तांब्याला टेकला असता, आणि भडका उडाला असता. कुठं? तिच्या हातात. किंवा ओठांशी. तिला सवय होती, दुपारी गर्दी ओसरली की खानावळीच्या मागच्या पायरीवर बसायचं, डोळे मिटायचे आणि पहिली वाफ घ्यायची. एर्नानीला तिचे मिटलेले डोळे दिसले. सहा वर्षं मी हे करतोय, त्याला वाटलं, आणि स्वतःची इतकी शिसारी आली की समोर असलेला चहासुद्धा त्यानं ओतून दिला. त्यानं बॅटरीला नवी साल चढवली. पांढऱ्या प्लॅस्टिकचा दांडा लेथच्या चकात धरला आणि आवरण कातलं, सहा वर्षं न कातलेलं, इतकं बेतशीर की बॅटरी आत जाताना हवेचा सुस्कारा ऐकू आला. खिळी पूर्ण टेकवली आणि तिच्या आट्यांवर चिकटवणारा थेंब सोडला. लिगाया आली, नळी कानाशी हलवली, काही वाजलं नाही. ती क्षणभर उभी राहिली. “चांगलं केलंस,” म्हणाली आणि गेली. ती आता येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. तिनं काही आजारीबिजारी पडू नये एवढंच त्यानं बाळ येशूकडे मागितलं.

बाहेर बर्फवाला ओरडत गेला. एर्नानी उठला, नळी हातात घेतली आणि बुडाचं बटण फिरवून काढलं.

आवरण नव्हतं. बॅटरी उघडीवाघडी त्याच्या तळहातावर घरंगळत आली. त्यानं नळी उलटी करून ठोकली, आत बोट घातलं, उजेडाकडे धरून डोळा लावला. आत नुसतं तांबं होतं, स्वच्छ. मग त्यानं वरचं डबडं काढून खिळी बघितली. आट्यांवरचा सुकलेला थेंब खरवडलेला होता आणि खिळीच्या खाचेत बोथट हत्याराचे ओरखडे होते. ज्याला हत्यार धरायची सवय नाही अशा हातानं, दात-ओठ खात, खूप वेळ खटपट केलेली होती. खिळी पुरते दोन आटे मागं होती. पाव नाही, दोन! त्याला आधी कळेना हे काय आहे. मग कळलं, आणि तो चटकन खाली बसला. म्हणजे चोरावर मोर. आपण एकटेच लबाड असं सहा वर्षं समजत होतो. छातीत काहीतरी उकळी फुटल्यासारखं झालं आणि त्याला तासियोला हाक मारावीशी वाटली, गल्लीत कुणालाही, बर्फवाल्यालासुद्धा, की इकडे या, हे बघा. मग त्यानं बॅटरी फिरवली आणि ती उकळी जागच्या जागी बसली. नव्या सालीवर, डोक्याच्या जरा खाली, एक तिरपी चीर होती. सुरीची. आवरण ओढून काढताना पातं निसटलं होतं. चिरेतून धातू चमकत होता.

त्याला राग आला. तो सहसा रागवायचा नाही, त्यामुळे राग आला की त्याला तो कुठं ठेवावा कळायचं नाही. त्यानं बॅटरी फळीवर आपटली, मग घाबरून उचलली. मूर्ख बाई. अक्कल नाही. पन्नास नळ्या हातानं घासल्या, आणि साल फाटली की काय होतं हे माहीत नाही? का माहीत असूनही? शनिवारी चारची बोट. कायमचं करून दे. मग हे काय होतं? जाणाऱ्या माणसानं जावं, नळी सैल करून कशाला यावं? त्याला एक क्षण असं वाटलं की आपल्याला सगळं समजलंय, आणि पुढच्याच क्षणी वाटलं, काहीच समजलेलं नाही, कदाचित आवरण तिला नको होतं, कदाचित बॅटरी बाहेर काढायला त्रास होत असेल, बायकांचं काय सांगावं. तो शब्द शोधायला लागला. कुमारे, मला एक सांगायचंय. कुमारे, इतकी वर्षं मी. कुमारे, तू नसलीस की. दर वाक्याच्या तोंडाशी तोच शब्द येऊन बसायचा आणि वाक्य पुढं जाईना. त्या पायरीवर ती बसलेली त्याला दिसत होती, फणसाच्या वासाची वाफ, तांब्याची धूळ, मासळीवालीची नक्कल, दोन बोटांत धरलेली ती दुहेरी सालीची बॅटरी. इलोइलोला तिला कोण ओळखणार? ती कुणाला शिव्या देणार? आणि सोमवारी, सोमवारी सकाळी हे दार उघडल्यावर आपण गल्लीच्या तोंडाकडे कशाला बघायचं?

एवढ्यात त्याला जाणवलं की लेथ बंद झालाय. तो त्यानंच बंद केला होता. समोर नळी पुरी होऊन उभी होती. तो शब्द शोधत असताना हातांनी चिरलेली साल उतरवली होती, नवी चढवली होती, पांढऱ्या दांड्याचं दुसरं आवरण कातलं होतं, खिळी टेकवली होती, थेंब सोडला होता, सगळं पुसूनसुद्धा ठेवलं होतं. त्यानं नळी हलवली. मुकी. इतकं सुरेख काम त्याच्या हातून वर्षा-दोन वर्षांत झालं नव्हतं, आणि त्याला रडावंसं वाटलं.

“झालं?” लिगाया दारात होती. सव्वाअकरा झाले होते.

त्यानं नळी पुढं केली. तिनं ती कानाशी नेली आणि हलवली. मग पुन्हा हलवली, जोरात. मग हात खाली घेतला.

“काहीच नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“कायमचं?”

“कायमचं.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि नळी टॉवेलाच्या घडीत खोचायला लागली. खोचता खोचता तिचं लक्ष नव्हतं, नळी दोनदा निसटली.

“आतलं आवरण कुणी काढलं?” एर्नानीनं विचारलं.

“कसलं आवरण?”

“पांढरं.”

“मला काय माहीत? पडलं असेल कुठंतरी.”

“ते पडत नाही. सुरीनं काढलंस तू. बॅटरी चिरलीय. हातात फुटली असती म्हणजे? बोटं गेली असती, डोळा गेला असता!” त्याचा आवाज चढला होता. समोर तासियोच्या ठिणग्या थांबल्या. “तुला कळत नाही?”

लिगायाचे कान लाल झाले होते. “मासे चिरायची सुरी होती,” ती म्हणाली. “टोक मोडलं तिचं. चिवट केलं होतंस मेल्या.” मग ती एकदम पुढं आली, उन्हातून पूर्ण आत, फळीपर्यंत. “मला कळत नाही? पन्नास नळ्या घासल्यात मी, एर्नानी. तू खिळी पाव आटा मागं घेतोस हे मला पहिल्या वर्षी कळलं. घरी जाऊन बघायचे मी. दर वेळी पाव आटा, कमी नाही की जास्त नाही. मी हसायचे एकटीच. आणि मग त्या दिवशी तू ते असं बंद केलंस, आवरण काय, गोंद काय. मी पायरीवर बसून हलवतेय, हलवतेय, काही वाजेना. मला वाटलं, कंटाळला. आता येऊ नकोस म्हणतोय. तोंडानं म्हणायला धीर नाही, म्हणून नळीकडून म्हणवतोय.” तिनं टॉवेलाच्या टोकानं नाक पुसलं. “त्याच संध्याकाळी आमोरला फोन केला. येते म्हणाले.”

“साल घासून पातळ झाली होती,” एर्नानी म्हणाला. “भडका उडाला असता. तुला भाजलं असतं.”

“म्हणून घट्ट केलंस?”

“म्हणून.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग हे सांगता येत नव्हतं?”

त्याला सांगता येत नव्हतं. आताही येत नव्हतं. सगळे शब्द तासाभरापूर्वी होते तिथंच होते, त्यातला एकही जवळ आला नव्हता. गल्ली अगदी शांत होती; तासियो मुखवटा वर करून उघड उघड ऐकत होता आणि त्याला लाजही वाटत नव्हती.

“लिगाया,” तो म्हणाला. सव्वीस वर्षांत नुसतं नाव त्यानं कधी घेतलं नव्हतं, ते तोंडात परकं लागलं. “जाऊ नकोस.”

क्षणभर एर्नानीला वाटलं की हे आपण म्हटलंच नाही, नेहमीसारखं नुसतं मनात म्हटलं. मग लिगायानं नळी फळीवर ठेवली, कमरेचा टॉवेल सोडला, झटकला आणि पुन्हा घट्ट बांधला, दुपारच्या गर्दीआधी बांधायची तसा.

“खानावळीचं मी बघते,” ती म्हणाली. “कागदावर सही व्हायचीय अजून. पण पोरगी तिकडे खोली रंगवून बसलीय माझ्यासाठी. तिला मी नाही सांगायची. तू सांग.”

“मी?”

“मग कोण? धर्मपिता आहेस ना तिचा? चर्चमध्ये हातावर घेऊन शब्द दिला होतास. तिला सांग, आई येत नाही. का येत नाही, तेही तूच सांग.”

“काय सांगू?”

“ते मला विचारतोस?”

ती हलेना. हाताची घडी घालून फळीपाशी उभी राहिली. एर्नानीनं चिंधी घेतली, हात पुसले, तेल निघेना, पुन्हा पुसले. मग तसल्याच काळ्या बोटांनी त्यानं खिशातून फोन काढला, आमोरचं नाव शोधलं आणि दाबलं. तिकडे घंटा वाजायला लागली. चौथ्या घंटेला मागून तान्ह्या पोराच्या रडण्याचा आवाज आला आणि आमोर म्हणाली, “हां, निनोंग, बोला ना.”